मोकळ्या वेळेतला प्रोजेक्ट पुन्हा पुन्हा रखडतो: कारण कसं शोधायचं, काय बदलायचं

नोकरी, घर आणि बाकीच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर आठवड्याला कसेबसे तीन-चार तास हाती लागतात. त्यात स्वतःचं काहीतरी करायचं असतं. कुणाला घरखर्चाचं छोटं ॲप बनवायचंय, कुणाला पुस्तकांसाठी लाकडी कपाट, कुणाला घरातली जुनी पत्रं स्कॅन करून नीट लावायची आहेत, कुणी एखाद्या कथेचा अनुवाद हाती घेतलाय. पहिले काही आठवडे काम झपाट्याने होतं. मग एक शनिवार हुकतो. पुढच्या शनिवारी बसल्यावर ‘आपण कुठवर आलो होतो?’ यातच बराच वेळ जातो आणि हाती फारसं काही न लागता उठावं लागतं. त्याच्या पुढच्या शनिवारी बसायची इच्छाच होत नाही. दीड-दोन महिन्यांनी नवी कल्पना सुचते, नवं फोल्डर उघडलं जातं, आणि पुन्हा तीच गत.

याचं कारण विचारलं की ठरलेली दोन उत्तरं मिळतात: ‘वेळच मिळत नाही’ किंवा ‘माझ्यात चिकाटी नाही’. मला दोन्ही पटत नाहीत. आठवड्याला चार तास म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर तास होतात, आणि तेवढ्यात वर दिलेलं कुठलंही काम पूर्ण होऊ शकतं. चिकाटी नसती तर माणूस दर दोन महिन्यांनी नव्या उमेदीने सुरुवात करायला गेलाच नसता. माझ्या मते खरा तोटा होतो तो तुटलेलं काम पुन्हा जोडण्यात. ज्यांना दिवसभर एकच काम करायचं असतं त्यांना रोज सकाळी हा भुर्दंड थोडा पडतो. आठवड्यातून एकदा दीड तास बसणाऱ्याला तो पुरेपूर पडतो, आणि तोही त्या दीड तासातूनच.

आधी ही तपासणी करा

उपाय शोधण्याआधी पुढच्या बैठकीत एक कागद शेजारी ठेवा. बसल्या क्षणापासून, कामात पहिला खरा बदल होईपर्यंत काय काय केलं ते वेळेसकट लिहा. खरा बदल म्हणजे कोडची एक चालणारी ओळ, कापलेली एक फळी, अनुवादाचं एक नवं वाक्य. घरखर्चाच्या ॲपवर बसलेल्या माणसाचा कागद साधारण असा दिसेल:

९:०० लॅपटॉप सुरू, अपडेट चालू
९:०७ फोल्डर सापडलं, त्यात ‘खर्च-नवीन’ आणि ‘खर्च-फायनल’, यातलं खरं कुठलं?
९:१५ प्रोग्रॅम चालवला, एरर. मागच्या वेळीही होती का?
९:२२ ब्राउझरमधले जुने टॅब वाचले
९:३१ लक्षात आलं, तारखांचं काम अर्धवट होतं
९:३८ पहिली ओळ

साडेदहापर्यंत उठायचं असेल तर नव्वद मिनिटांतली अडतीस इथेच गेली. या कागदावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. बहुतेक नोंदी शोधाशोध आणि आठवणे यांच्या असतील तर धागा तुटतोय. मांडणे, जोडणे, आवरणे अशा असतील तर तयारीच जड आहे. फाइल चटकन उघडली पण नुसतं बघत बसलात, तर पायरी फार मोठी आहे. आणि कागद कोराच राहिला, कारण बसलातच नाही, तर प्रश्न वेळ ठरवण्याचा आहे. पुढचे भाग साधारण त्याच क्रमाने आहेत, आणखी दोन कारणंही त्यांत आहेत. तुमचा असेल तो आधी वाचा, पण पहिला भाग कुणीच सोडू नये असं मला वाटतं.

धागा तुटत असेल तर

उपाय एकच आहे आणि तो बैठकीच्या शेवटी करायचा असतो. उठायच्या दहा मिनिटं आधी काम थांबवायचं आणि पुढच्या वेळी बसणाऱ्या माणसासाठी चिठ्ठी लिहायची. तो माणूस तुम्हीच असता, पण दरम्यान त्याच्या डोक्यातून आठवडाभराच्या इतर गोष्टी गेलेल्या असतात, त्यामुळे त्याला काहीच माहीत नाही असं धरून लिहा.

बहुतेक जण चिठ्ठी लिहितात, पण अशी: ‘तारखांचं काम पूर्ण करणे.’ ही चिठ्ठी वाचून पुन्हा सगळं आठवावंच लागतं. उपयोगी चिठ्ठी अशी असते:

‘बँकेची फाइल वाचून होते, रक्कम बरोबर येते. तारीख चुकते, दिवस आणि महिना उलटे पडतात. वाचा-फाइल या भागात ज्या ओळीवर तीन फुल्या टाकल्यात तिथून सुरू करणे. आधी ५ ऑगस्टची नोंद चालवून बघणे, ती ८ मे अशी दिसते. तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच ठेवायची हे ठरलंय, कारण बँकेची फाइल तशी येते. पुन्हा विचार करायचा नाही.’

यात चार गोष्टी आहेत: काय चालतंय, काय अडलंय, हात नेमका कुठे ठेवायचा, आणि कुठला निर्णय होऊन गेलाय. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहते आणि तिचाच फटका मोठा बसतो. महिनाभराने आलेला माणूस झालेला निर्णय पुन्हा उकरतो, त्याला नवीच शंका येते आणि अख्खी बैठक जुन्याच प्रश्नावर जाते. निर्णयासोबत कारण लिहिलेलं असेल तर ती शंका तिथेच मिटते.

चिठ्ठी कामावरच असू द्या. कोड असेल तर फाइलच्या अगदी वरच्या ओळीत, लाकूडकाम असेल तर पुढे कापायच्या फळीवर चिकटपट्टीने, अनुवाद असेल तर शेवटच्या वाक्याखाली. वेगळ्या ॲपमध्ये लिहिली की तीसुद्धा शोधावी लागते. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरणाऱ्यांनी उठताना अर्धवट असलं तरी कमिट करावं, म्हणजे बदलांची नोंद करावी, आणि हाच मजकूर कमिटच्या संदेशात घालावा. ‘बदल केले’ असा संदेश महिन्याभराने कुणालाच काही सांगत नाही.

आणखी एक सवय याला जोडून लावली तर फरक लगेच जाणवतो: काम नेटक्या टप्प्यावर आणून थांबू नका. धडा संपवून, स्क्रू घट्ट करून उठण्यात समाधान असतं, पण पुढच्या बैठकीला कोरी पाटी मिळते आणि सुरुवात सगळ्यात अवघड होते. त्यापेक्षा पुढचं वाक्य कच्चं लिहून ठेवा. पुढच्या फळीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. कोडमध्ये नापास होणारी एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा तुकडा) मुद्दाम ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ती पास करणं हेच पहिलं काम ठरतं. आल्या आल्या पाच मिनिटांत हातून काहीतरी झालं की पुढचा तास आपोआप लागतो.

या चिठ्ठीचा फायदा उरलेल्या आठवड्यालाही होतो. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं की अपुऱ्या कामाचे विचार मध्ये मध्ये डोकावतात, पण ते काम कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की तो त्रास कमी होतो, काम प्रत्यक्ष पूर्ण झालेलं नसलं तरीही. म्हणजे शनिवारची दहा मिनिटं खर्च केली तर सोमवारच्या मीटिंगमध्ये कपाटाचे कप्पे डोळ्यांसमोर येत नाहीत.

मध्ये तीन-चार आठवड्यांचा खंड पडला असेल तर मात्र चिठ्ठीवरून थेट काम सुरू करायचा हट्ट धरू नका. पहिली बैठक फक्त वाचायला द्या: झालेलं काम बघा, चालवून बघा, आणि नवी चिठ्ठी लिहून उठा. त्या दिवशी काही घडवायचंच नाही असं आधीच ठरवलं की निराशा होत नाही, आणि परतण्याची भीतीही कमी होते. माझ्या पाहण्यात मोठ्या खंडानंतर सोडून दिलेले बहुतेक प्रोजेक्ट या पहिल्या बैठकीतून जास्त अपेक्षा केल्यामुळेच सुटलेले आहेत.

तयारीच जड असेल तर

पाऊण तासाच्या बैठकीत वीस मिनिटं मांडण्यात आणि पंधरा आवरण्यात जात असतील, तर ते काम पाऊण तासात बसतच नाही. जागा असेल तर टेबल तसंच मांडलेलं राहू द्या. नसेल तर त्या प्रोजेक्टचं सगळं सामान एका पेटीत ठेवा आणि त्यातली वस्तू दुसऱ्या कशासाठीही काढू नका. सोबत कामांच्या दोन याद्या करा: सलग दोन तास मिळाले तर करायची कामं, आणि वीस मिनिटांत होणारी. मोजमाप, सामानाची यादी, पत्रांना नावं आणि तारखा देणं, शब्दकोशात अडलेले शब्द पाहणं ही दुसऱ्या यादीची कामं. मोठ्या बैठकीचा वेळ त्यांच्यावर घालवू नका.

एकाच वेळी फार काही उघडं असेल तर

याचा हिशेब एकदा मांडून बघाच. समजा पाच प्रोजेक्ट आहेत, प्रत्येकाला ४० तास लागणार आणि आठवड्याला ४ तास मिळतात. दर आठवड्याला एक असं आळीपाळीने केलं तर पहिला प्रोजेक्ट ४६व्या आठवड्यात पूर्ण होतो, शेवटचा ५०व्या. एकामागून एक केले तर पहिला १०व्या आठवड्यात हाती येतो, दुसरा २०व्या, आणि शेवटचा त्याच ५०व्या. एकूण तास तेवढेच, पण पहिल्या पद्धतीत वर्षाचा बहुतेक काळ काहीच पूर्ण झालेलं दिसत नाही. शिवाय या हिशेबात पुन्हा जोडण्याचा वेळ धरलेलाच नाही. आळीपाळीत प्रत्येक प्रोजेक्टला पाच आठवड्यांनी एकदा हात लागतो, म्हणजे दर वेळी धागा तुटलेलाच. प्रत्यक्षात ५० आठवड्यांत ते संपणार नाहीत.

रांगांच्या गणितात हे १९६१ पासून सिद्ध आहे. जॉन लिटल यांच्या नियमानुसार, काम संपण्याचा वेग तोच असेल तर जितकी जास्त कामं एकाच वेळी चालू, तितका प्रत्येकाला सरासरी वेळ जास्त. टोयोटात तायिची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीतही, जिथे प्रत्येक कामासोबत एक कार्ड फिरतं, कार्डांच्या संख्येवर मर्यादा असते, ती याचसाठी: मोकळं कार्ड हाती आल्याशिवाय नवं काम सुरूच करायचं नाही.

म्हणून चालू प्रोजेक्ट एकच ठेवा. फार तर दोन, आणि तेही वेगळ्या जातीचे, म्हणजे एक डोक्याचा आणि एक हाताचा, जेणेकरून थकल्या दिवशी दुसऱ्याकडे वळता येईल. बाकीच्या कल्पना एका यादीत लिहा. लिहिलं की कल्पना विसरायची भीती राहत नाही आणि ती लगेच सुरू करायची घाईही ओसरते. चालू असलेला पूर्ण झाला किंवा रीतसर बंद केला, तरच यादीतला पुढचा उघडायचा.

नवी कल्पना अगदी चालू काम कंटाळवाण्या टप्प्यावर आल्यावरच सुचते, हे ध्यानात ठेवा. ॲपमध्ये एरर हाताळणं, कपाटाला पॉलिश पेपर मारणं, अनुवादाचं शेवटचं वाचन या टप्प्यांवर दुसरं काहीही आकर्षक वाटतं. त्या आठवड्यात यादीत भर पडू द्या, पण काहीही उघडू नका.

समोर बसूनही काही सुचत नसेल तर

पायरी मोठी आहे. ‘वेबसाइट बनवणे’ ही पायरी नव्हे. पायरीत हाताने करायची क्रिया हवी आणि ती एका बैठकीत संपायला हवी: ‘पहिल्या पानाचा मजकूर कागदावर लिहिणे’, ‘डाव्या बाजूची फळी मापाने कापणे’, ‘१९७० सालची पत्रं वेगळी काढणे’. पुढच्या तीन पायऱ्या अशा लिहिलेल्या असल्या की पुरे. शेवटपर्यंतचा आराखडा तासनिशी आखण्यात अर्थ नाही, कारण तो चुकणारच आहे.

तो का चुकतो याचा अभ्यास झालेला आहे. आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसं सातत्याने कमी धरतात, याला मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ (नियोजनाचा भ्रम) असं नाव दिलं. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५हून अधिक. स्वतःच्या अंदाजाच्या आत पूर्ण करणारे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. यावर उपाय म्हणजे कामाच्या आत बघून अंदाज न करता आधीच्या तशाच कामाला किती वेळ लागला होता ते बघणं. म्हणून चिठ्ठीखाली त्या दिवशी किती तास बसलात एवढं लिहून ठेवा. पहिला प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे तुमचाच खरा आकडा तयार असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिली आवृत्ती लाज वाटावी इतकी लहान ठेवा. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली वाच्यता केली तेव्हा हा निव्वळ छंद आहे, मोठं काही होणार नाही, असंच म्हटलं होतं. सप्टेंबरमध्ये ०.०१ आवृत्ती लोकांना मिळाली. १.० यायला मार्च १९९४ उजाडला. ती अडीच वर्षं सगळं बंद दाराआड ठेवून १.० चीच वाट पाहिली असती तर मधल्या काळात जोडले गेलेले लोक आलेच नसते. घरखर्चाच्या ॲपची ०.०१ म्हणजे एका महिन्याचा खर्च भरता येणं आणि बेरीज दिसणं. आलेख, रंग, पासवर्ड नंतर. पत्रांच्या बाबतीत एका व्यक्तीची, एका वर्षाची पत्रं पूर्ण लावून घरच्यांना दाखवणं. ती वापरात आली की पुढे काय करायचं हे वापरणारेच सांगतात.

बसणंच होत नसेल तर

‘या आठवड्यात वेळ काढीन’ असं ठरवलं की तो निघत नाही. ‘रविवारी सकाळी चहा झाला की कप धुवायच्या आधी मी टेबलापाशी बसेन’ असं ठरवलं तर शक्यता बरीच वाढते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी यावर बरीच वर्षं संशोधन केलं. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा नेमक्या ठरवण्याचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. यातला अमुक भाग घड्याळापेक्षा आधीच घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधलेला मला जास्त टिकाऊ वाटतो. घड्याळाची वेळ पाहुणे आल्यावर सरकते, चहा तरीही होतोच.

वेळ निवडताना थकव्याचा विचार करा. रात्री दहाला मिळणारा तास आणि सुट्टीच्या सकाळचा तास सारखे नसतात. रात्री नवं डिझाइन सुचत नाही, पण स्कॅनिंग होतं. घरच्यांनाही ही वेळ सांगून ठेवा आणि त्यांच्याशी जमवून ठरवा. न सांगता चोरलेला तास सारखा मोडला जातो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तसा तास हवा असतो, तोही यात बसवायला हवा.

एक बैठक हुकली तर पुढच्या वेळी दुप्पट बसून भरपाई करायला जाऊ नका. दुप्पट बैठक सहसा जमत नाही, मग ती थकबाकी होऊन मानेवर बसते. हुकली ती हुकली, पुढची नेहमीएवढीच.

साधनं लावण्यातच वेळ जात असेल तर

नियोजनाचं ॲप निवडणं, लेबलांना रंग देणं, याद्या एका ॲपमधून दुसऱ्यात हलवणं हेही कामच वाटतं, म्हणून ते ओळखू येत नाही. एका माणसाच्या, आठवड्याला चार तासांच्या प्रोजेक्टला एक कागद पुरतो: वर चालू प्रोजेक्टचं नाव, खाली पुढच्या तीन पायऱ्या, मागच्या बाजूला नंतरच्या कल्पना. तो कागद खरोखरच अपुरा पडायला लागला की मगच ॲप घ्या. काही महिने वापरल्यावर तुम्हाला ॲपमधून नेमकं काय हवंय तेही कळलेलं असेल.

सगळं करूनही पुन्हा रखडलं तर

सगळ्यात आधी चिठ्ठी बंद पडली का ते बघा. बहुधा तीच बंद पडलेली असते, कारण काम रंगात आलेलं असताना दहा मिनिटं आधी थांबणं जिवावर येतं. मोबाईलचा अलार्म उठायच्या वेळेचा न लावता चिठ्ठीच्या वेळेचा लावा. त्यानंतर चालू प्रोजेक्ट मोजा. नकळत तिसरा उघडलेला असू शकतो. मग पायऱ्या वाचा आणि ज्या एका बैठकीत संपत नाहीत त्या फोडा.

हे तिन्ही ठीक असेल, सलग चार बैठका ठरवूनही तुम्ही बसला नसाल, आणि आजारपण किंवा परीक्षा असं कारणही नसेल, तर तो प्रोजेक्ट आता तुम्हाला नको असण्याची शक्यता आहे. ती मान्य करायला हरकत नाही, पण तो नुसता पडू देऊ नका, रीतसर बंद करा. एक शेवटची बैठक घ्या. झालेलं काम एका जागी ठेवा, कोड असेल तर तो कसा चालवायचा ते चार ओळींत लिहा, कपाटाच्या फळ्या आणि स्क्रू ज्याला उपयोगी पडतील त्याला देऊन टाका, मागून आणलेली हत्यारं परत करा. अनुवादाचे झालेले भाग आणि अडलेल्या शब्दांची यादी एकाच फाइलमध्ये ठेवा, उद्या दुसऱ्या कथेला ती यादी कामी येते. मग कागदावरचं वरचं नाव खोडा आणि मागच्या यादीतलं एक नाव तिथे लिहा, पहिल्या तीन पायऱ्यांसकट.